उघडी बाजू

२ नोव्हेंबर

नोकरीचा पहिला दिवस. निघताना आईनं विचारलं, "म्हणजे तिथं नेमकं करायचं काय?"

मी म्हटलं, "राष्ट्रीय महिला हँडबॉल संघाची आकडेवारी ठेवायची. कोण कुठून चेंडू मारतं, किती गोल होतात, किती अडतात, ते मोजायचं."

"चेंडू एकच ना? मग त्यात मोजायचं काय?"

बाबा ब्रश धूत होते. लोकांची घरं रंगवून त्यांच्या नखांत कायम कुठला तरी रंग असतो, आज पिस्ता होता. ते म्हणाले, "मोजू दे गं. आपल्या घरात आजवर कुणी बसून पगार घेतला नाही. हिला बसू दे."

दादा म्हणाला, "संख्याशास्त्राची पदवी घेतली आणि चेंडू मोजायला चालली. मी तर बोटांवर मोजतो." सगळे हसले. मीही हसले, पण मनात म्हटलं, हसा. तुम्हाला माहीत नाही मी कुणाला भेटायला चालले आहे.

हॉलमध्ये शिरले तेव्हा आधी आवाज आला. चेंडू लाकडी जमिनीवर आपटल्याचा, मग कुणाच्या तरी उघड्या पायावर बसल्याचा. दुसरा आवाज ऐकून मीच माझा पाय मागे घेतला. समोरच्या जाळीत ती उभी होती. गोलरक्षक, संघाची कर्णधार, सगळ्यांची ताई. टीव्हीवर पाहून मला वाटायचं, गोलरक्षक चेंडू पकडते. ती पकडत नाही. सहा पावलांवरून सुटलेला चेंडू पकडायला वेळच नसतो. ती चेंडूच्या वाटेत स्वतःला टाकते. हात, मांडी, छाती, जे आधी पोचेल ते. मग उठते, जर्सी खाली ओढते आणि म्हणते, "पुढचा."

आपला संघ जागतिक स्पर्धेत एकही सामना जिंकलेला नाही. इतक्या स्पर्धा झाल्या, त्यात एक बरोबरी, बाकी सगळे पराभव. ती बरोबरी मी शाळेत असताना शेजाऱ्यांच्या दारात उभी राहून पाहिली होती. शेवटच्या मिनिटाला हिनंच चेंडू पायानं उडवला होता. तेव्हा ही आत्ताच्या माझ्याएवढी असेल.

सराव संपल्यावर ती बाकावर बसली होती. मी धीर करून तिच्या उजव्या हाताला जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "ताई, मी नवीन आकडेवारीवाली." उत्तर नाही. ती शांतपणे बोटांच्या चिकटपट्ट्या सोडवत राहिली. एवढी एकाग्रता. मी तशीच उभी. बऱ्याच वेळानं तिनं मान वळवली, दचकली आणि म्हणाली, "अगं, तू कधी आलीस? भुतासारखी उभी राहू नकोस. इकडे ये, या बाजूला बस."

मी तिच्या डाव्या बाजूला बसले. आयुष्यात असं कुठंच बसले नव्हते.

५ नोव्हेंबर

मला नाव पडलं. आकडेबाई. ते पाडलं मुंगीनं, हेही टोपणनावच. ती संघात सगळ्यात बुटकी आणि बचावात सगळ्यात चिवट. समोरून दुप्पट वजनाची मुलगी धावत आली तरी ती बाजूला होत नाही, अंगावर घेते. तिच्या हातांवर निळे डाग आहेत, दंडापासून मनगटापर्यंत. मी विचारलं, "दुखत नाहीत?" ती म्हणाली, "दुखतात की. तू मोजून ठेव, आकडेबाई, पुढं पेन्शनला कामी येतील."

गेल्या वर्षीपर्यंत मुंगी बचावफळीच्या मधोमध उभी राहायची. यंदा मॅडमनी तिला उजव्या कडेला हलवलंय. मॅडम म्हणजे आमच्या प्रशिक्षक. बोलतात कमी, शिट्टी जास्त वाजवतात. सर्वांत चांगली बचावपटू कडेला का, हे मला कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

९ नोव्हेंबर

आजचा दिवस जपून ठेवावा असा.

मी प्रतिस्पर्धी संघांच्या नेमबाजांची चित्रफीत तयार केली. प्रत्येकीचे गोल, एकापाठोपाठ एक. चार दिवस डोळे फुटेस्तोवर बसले होते. ताईला दाखवायला गेले तर ती म्हणाली, "पडदा बंद कर. तू सांग, मी ऐकते."

"पण ताई, दिसलं तर जास्त—"

"दिसतं ते विसरायला होतं. ऐकलेलं राहतं. सांग, ती उंच डावखुरी. उडी मारताना खांदा आधी पडतो की कोपर?"

मला माहीत नव्हतं. मी परत जाऊन पाहिलं. खांदा. सांगितल्यावर ती डोळे मिटून बसली आणि हळूच डावा पाय हलवला, जणू चेंडू आलाच. मग म्हणाली, "पुढची."

असं दुपारभर चाललं. मी बोलत होते आणि ती माझ्या शब्दांतून माणसं उभी करत होती. एवढी मोठी खेळाडू, पण माझ्यासारख्या नवख्या मुलीला म्हणते, तू सांग. नम्रता ही पुस्तकात वाचायची गोष्ट नाही, ती अशी समोर चहा पीत बसलेली असते. चहा ओतताना तिनं थोडा बशीत, थोडा टेबलावर ओतला आणि स्वतःच हसली. म्हणाली, "हात गोलपोस्टमध्ये चालतात, कपात नाही."

निघताना तिनं मला एक गोष्ट सांगितली. ही तिची शेवटची स्पर्धा. "एक मॅच, बास. एक जिंकायची आणि जाळी सोडायची. लोक पदकं मागतात, मला एक मॅच पाहिजे."

मी तिला मनातल्या मनात वचन दिलं. मी काय करणार, ते ठरवलं नव्हतं.

१२ नोव्हेंबर

सकाळी लवकर हॉलवर गेले तर मॅडम एकट्या पिल्लूला चेंडू मारत होत्या. पिल्लू म्हणजे दुसरी गोलरक्षक. लांब हातपाय, चेहऱ्यावर कायम माफी मागितल्यासारखा भाव. गेला आठवडाभर रोज असंच चाललंय म्हणे, बाकीच्या यायच्या आधी. ताई असताना पिल्लूला सामन्यात पाऊलही ठेवायला मिळणार नाही, तरी मॅडम तिच्यासाठी पहाटे उठतात. कुणालाच वाऱ्यावर सोडत नाहीत. हे मला फार आवडलं.

१५ नोव्हेंबर

जागतिक स्पर्धेच्या गावी पोचलो. विमानात मी पहिल्यांदाच बसले. आईचा उतरल्या उतरल्या फोन. "खिडकीची जागा मिळाली का?"

मिळाली नाही. खिडकी ताईला दिली. तिला नेहमी उजव्या हाताची खिडकी लागते, बसमध्येसुद्धा. मुली म्हणतात तिची श्रद्धा आहे. मोठ्या खेळाडूंच्या अशा सवयी असतात, मी वाचलंय. मुंगीची पण एक सवय आहे, जिना उतरताना ती ताईच्या उजव्या बाजूला चिकटून चालते आणि अखंड बडबड करते. "तीन पायऱ्या राहिल्या, म्हातारे." ताई म्हणते, "म्हातारी तुझी सासू."

इथं थंडी आहे. खोलीत दोन पलंग, एक टेबल, खिडकीखाली गरम हवेची लोखंडी जाळी, तिच्यावर आम्ही मोजे वाळत घातलेत. जेवणात उकडलेली अंडी, ब्रेड, सूप. हॉल मात्र देवळासारखा. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा वर अंधारात जातात आणि खाली दिव्यांच्या उजेडात निळी जमीन. मी मध्यरेषेवर उभी राहिले. बाबांना फोटो पाठवला. त्यांनी लिहिलं, "छताला हात कसा पोचवला असेल?"

१७ नोव्हेंबर

पहिला सामना हरलो. उंच मुलींच्या संघाशी, ज्यांनी ही स्पर्धा अनेकदा जिंकलीय. हरणार हे माहीत होतं. पण ते राहू दे.

मला लिहायचंय ते पहिल्या दहा मिनिटांबद्दल. त्यांची डावखुरी उडी मारून आली. तिचा खांदा आधी पडला, मी बाकावरून पाहिला, आणि ताईचा डावा पाय आधीच तिथं होता. आधीच. चेंडू तिच्या घोट्यावर आपटून छताकडे गेला. ती डावखुरी ताईकडे नुसती बघत राहिली. हॉलमधले लोक, जे आम्हाला ओळखतही नव्हते, उभे राहिले.

माझे शब्द त्या पायात होते. मी हे कुणाला सांगणार नाही, पण इथं लिहिते.

मग हळूहळू आमच्यावर गोल होत गेले.

१९ नोव्हेंबर

दुसराही सामना हरलो. बेटावरच्या संघाशी, यांच्याशी जमेल असं वाटत होतं. ताईनं डावीकडचं काहीही आत जाऊ दिलं नाही. सात मीटरवरून, म्हणजे मधे कुणी नसताना एकटीवर मारतात तेव्हा, तिनं दोन अडवले. तरी हरलो.

 बसमध्ये ताई तिच्या खिडकीशी काचेला डोकं टेकून बसली होती.

आता एकच सामना उरला, पिवळ्या जर्सीवाल्यांशी. ते आमच्याच तोडीचे आहेत. जिंकलो तर इतिहास, हरलो तर नेहमीचं.

२० नोव्हेंबर

मला सापडलं. 

सकाळपासून दोन्ही सामन्यांतला प्रत्येक गोल मैदानाच्या नकाशावर ठिपक्यानं मांडला. दुपारी नकाशाकडे पाहिलं तर उजवा कोपरा काळाकुट्ट. निम्म्याहून जास्त गोल तिथूनच. चेंडू डावीकडून झपकन उजवीकडे जातो, तिथली मुलगी उडी मारते आणि गोल. उजव्या कडेला आमच्याकडून कोण उभं असतं? मुंगी.

चित्रफीत पुन्हा पाहिली. मुंगी हात वर करून उभी आहे, पण चेंडू तिच्या हातांच्या एकाच बाजूनं दर वेळी सहज निघून जातो. ती बाजू सताड उघडी. दर वेळी तीच.

वाईट वाटलं. मुंगी मला आवडते. पण मी इथं आवडीनिवडीसाठी आलेले नाही. खरं ते बोलायचं नाही तर शिकायचं कशाला?

मॅडमच्या खोलीत जाऊन नकाशा ठेवला. त्या खूप वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मुंगी कमी पडतेय, हे तुझं मत?"

"मत नाही मॅडम. आकडे."

"आकडे खरे आहेत," त्या म्हणाल्या. "ताईला दाखवलेस?"

"नाही."

"मग उद्याच्या बैठकीत मांड. सगळ्यांसमोर. पडद्यावर मोठं करून."

मला वाटलं होतं त्या गुपचूप निर्णय घेतील. पण पारदर्शकपणा म्हणजे हाच. मी खोलीत येऊन आईला फोन केला आणि सांगितलं, "मॅडमनी माझं ऐकलं." आई म्हणाली, "जेवलीस का?"

२१ नोव्हेंबर

काय झालं ते क्रमानं लिहिते, नाहीतर लिहिताच येणार नाही.

नाश्त्यानंतर बैठक. हॉटेलच्या तळमजल्यावरची खोली, खुर्च्या अर्धगोलात. मी नकाशा पडद्यावर टाकला आणि बोलायला लागले. आवाज आधी चिरका निघाला, मग ठीक झाला. मी म्हटलं की उजवा कोपरा हा आपला कच्चा दुवा आहे आणि त्या जागेचा बचाव बदलावा असं आकडे सुचवतात. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांनी मुंगीकडे पाहिलं. मॅडम पडद्याकडे बघत नव्हत्या, ताईकडे बघत होत्या. कर्णधाराला काय वाटतं याची त्यांना काळजी असणार.

मुंगी म्हणाली, "मी कुठं चुकते ते दाखव, आकडेबाई."

मी चित्रफीत लावली. मुंगी हात वर करून उभी, चेंडू उघड्या बाजूनं आत. पुन्हा. पुन्हा. मी म्हटलं, "ही बाजू तू झाकतच नाहीस."

मुंगी काही बोलली नाही. ती बोलली नाही हेच मला विचित्र वाटलं. जी मुलगी पायऱ्यासुद्धा मोजून दाखवते, ती गप्प. तिनं खाली पाहिलं, बुटाची नाडी सोडली, परत बांधली आणि म्हणाली, "बरोबर आहे. माझी चूक."

मॅडम म्हणाल्या, "मग उद्या मुंगी बसेल."

मुंगी म्हणाली, "चालेल."

तिच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं. तिनं ते पुसलंही नाही.  सगळ्याजणी जमिनीकडे बघत होत्या, आणि मी मूर्खासारखी पडद्याशेजारी उभी राहून मनात म्हणत होते, कटू असतं पण करावं लागतं.

तेव्हा ताई उठली.

"ती बाजू तिची नाहीच," ती म्हणाली.

मला समजलं नाही. ती माझ्याकडे वळली, रागानं नाही, समजावून सांगावं तशी. "अगं, समोरची मारायला आली की बचाववाली आणि गोलरक्षक पूर्ण गोल आपसात वाटून घेतात. बचाववालीनं हात वर करून एक बाजू झाकायची. दुसरी मुद्दाम उघडी सोडायची, म्हणजे मारणारी तिथंच मारेल. ती गोलरक्षकाची. सरावाच्या पहिल्या दिवसापासून आमचं हेच ठरलेलं असतं. मुंगीनं तिची बाजू दर वेळी झाकलीय, नीट बघ. आत गेलेत ते सगळे माझ्या वाट्याचे."

मग ती मॅडमना म्हणाली, "मला उजव्या डोळ्यानं दिसत नाही."



"कधीपासून?" मॅडमनी विचारलं.

"उन्हाळ्यातल्या शिबिरात चेंडू लागला तेव्हापासून. आधी माशा उडाल्यासारखं दिसायचं. मग कडेनं काळं यायला लागलं. आता बरंचसं गेलंय."

एवढी मोठी बातमी, पण मॅडम क्षणभरही गोंधळल्या नाहीत. मला आश्चर्य वाटलं. त्यांनी मान हलवली, म्हणाल्या, "बस. मुंगी खेळेल. पिल्लू, उद्या तू उभी राहशील," आणि पिल्लूला तयार आहेस का हेसुद्धा विचारलं नाही. शांत डोकं म्हणतात ते हेच असणार. बाहेर पडताना त्यांनी ताईच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बरं झालं, तूच बोललीस."

मी पडदा बंद करायला विसरले होते. त्यावर मुंगी अजून हात वर करून उभी होती. आता मला दिसलं. तिचे हात जिथं असायला हवेत तिथंच होते.

दुपारी

संघाच्या डॉक्टरांनी तपासलं. डोळ्यातला पडदा सुटत चाललाय, परत गेल्या गेल्या शस्त्रक्रिया, उशीर झालाच आहे. चेंडू डाव्या डोळ्यावर बसला तर पूर्ण अंधार. म्हणजे ही बाई दोन सामने त्या चेंडूंसमोर उभी राहिली, आणि मी बाकावर बसून टाळ्या वाजवत होते.

मुंगीकडे गेले. माफी मागायचं वाक्य पाठ केलं होतं, ते निघालंच नाही. ती म्हणाली, "रडायचं असेल तर बाथरूममध्ये जा, इथं मोजे वाळताहेत."

"तुला माहीत होतं?"

"जिन्यावर कुणाचा हात धरायची ती?"

"मग बोलली का नाहीस? मी सगळ्यांसमोर तुझी—"

"मी काय बोलणार? ही आंधळी आहे म्हणून सांगू? माझं काय, एक मॅच बसले असते. तिची ती एकच उरली होती." मग माझ्या डोक्यात टपली मारली. "तुझे ठिपके मात्र छान होते. गोल गोल."

ताई खोलीत बॅग भरत होती. मी दारात उभी राहिले, मग आठवलं आणि तिच्या डाव्या बाजूला गेले. ती हसली. "शिकलीस."

मी विचारलं, "डॉक्टरकडे आधीच का नाही गेलात?"

"डॉक्टर खरं सांगतात म्हणून." ती थांबली. "मला ती एक मॅच हवी होती गं. इतकी वर्षं हरून हरून आलेय, एकदा जिंकून घरी जायचं होतं. वाटलं, डावं तर दिसतंय, उजवं मुंगी सांभाळेल. ऐकून ऐकून निभावेन. निभावत पण होते थोडं." मोज्यांची घडी करत म्हणाली, "पण परवा बसमध्येच कळलं होतं, हरलो ते माझ्यामुळे. तरी आज सकाळी मी गप्पच बसणार होते. शपथेवर सांगते. मग मुंगी म्हणाली, माझी चूक. त्या पोरीनं माझ्यासमोर खोटं बोलावं आणि मी ऐकून घ्यावं, एवढी काही ती मॅच मोठी नाही."

मी तिला थोर समजत होते. पहिल्या दिवसापासून. पण ती जाळीतली थोर होती, पाय आधीच पोचणारी. ही मोज्यांच्या घड्या घालणारी बाई त्याच्यापेक्षा किती मोठी आहे हे मला लिहिता येत नाही. मला भीती वाटल्यासारखं झालं तिच्याजवळ.

२३ नोव्हेंबर, विमानतळावर

काल सामना झाला. आता लिहिते. मुली खुर्च्यांवर आडव्यातिडव्या झोपल्यात.

ताईनं डॉक्टरांकडून एक गोष्ट मागून घेतली. नाव यादीत आधीच दिलेलं होतं, म्हणून जर्सी घालून बाकावर बसायचं. डॉक्टर म्हणाले, "बसायचं म्हणजे बसायचं." ती माझ्या उजवीकडे बसली, म्हणजे मी तिच्या डावीकडे.

पिल्लूची सुरुवात वाईट झाली. पहिले काही चेंडू ती हलायच्या आत जाळीत गेले. दर गोलनंतर ती बाकाकडे बघायची, तोच माफीचा चेहरा. मध्यंतराला ती रडवेली होऊन ताईपुढे उभी राहिली. मला वाटलं आता ताई काहीतरी मोठं बोलेल. ताई म्हणाली, "पाणी पी. आणि माझ्याकडे बघू नकोस, मला तरी कुठं दिसतंय." पिल्लू हसली, नाकातून पाणी आलं.

दुसऱ्या अर्ध्यात ती दुसरीच कुणी होती. मुंगी तिची बाजू झाकायची, दुसरी पिल्लूला सोडायची आणि पिल्लू तिथं असायची. मी आता दोघींना एकत्र बघायला शिकलेय. हात आणि पाय दोन वेगळ्या माणसांचे, पण जणू एकाच अंगाचे. आमच्या मुली दात खाऊन खेळत होत्या. शेवटची मिनिटं आली आणि आम्ही एका गोलनं पुढं.

घड्याळात काही सेकंद उरले असताना मुंगीनं पिवळ्या जर्सीच्या मुलीला मागून धरलं. दुसरा इलाजच नव्हता. शिट्टी. मुंगी दोन मिनिटांसाठी बाहेर आणि सात मीटरचा फटका. म्हणजे मधे कुणी नाही, मारणारी आणि गोलरक्षक.

आणि मैदानावरच्या सगळ्याजणींनी बाकाकडे पाहिलं. सवयीनं. इतकी वर्षं सात मीटर म्हटलं की ताई. पिल्लू तर जाळी सोडून आमच्याकडे धावतच आली, जागा द्यायला. वर काही लोक ताईच्या नावानं ओरडत होते. समोरासमोरचा फटका, उजवं डावं काही नाही, मारणारी सरळ समोर. एका डोळ्यानंही जमलं असतं. तिनं तसेच दोन अडवलेही होते दुसऱ्या सामन्यात. डॉक्टर बाकाच्या टोकाला होते, पण त्या क्षणी तिला धरायला कुणाचा हात पोचला नसता. मॅडमही काही बोलल्या नाहीत. समोर बघत राहिल्या.

ताई उठली.

 खरं सांगते, मला ती जायला हवी होती. सगळं माहीत असून मला ती जाळीत बघायची होती.

तिनं पिल्लूच्या दोन्ही खांद्यांना धरलं, तिला गर्रकन उलट फिरवलं आणि पाठीत धपाटा घातला. "जा. तुझी मॅच आहे."

पिल्लू परत गेली. ताई खाली बसली. गोल आमच्या उजव्या हाताला होता, तिच्या न दिसणाऱ्या बाजूला. मान वळवली असती तर डाव्या डोळ्यानं तिला सगळं दिसलं असतं. तिनं वळवली नाही. ती उलट माझ्याकडे वळली, पूर्ण, गोलकडे पाठ करून, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघायला लागली.

मी म्हटलं, "ताई, तिकडे—"

"तू बघ," ती म्हणाली. "मी इथं बघते."

तिच्या खांद्यावरून मी पाहिलं. पिवळ्या जर्सीची मुलगी रेषेवर आली.  मला आईबाबा, पदवी, आकडे काही आठवलं नाही. शिट्टी झाली. तिनं हात मागे नेला, एकदा हुलकावणी दिली, पिल्लू हलली नाही. मग तिनं मारला.

पुढचं मी शब्दांत सांगायला तोंड उघडलं, पण त्याची गरजच पडली नाही. माझ्या चेहऱ्यावर काय आलं ते मला माहीत नाही, मला ते कधीच दिसणार नाही. मला फक्त तिचा चेहरा दिसला. घागर भरावी तसा हळूहळू भरत गेलेला. मागून मुली किंचाळत धावत येत होत्या, पिल्लू जमिनीवर पालथी पडली होती, चेंडू वरच्या खुर्च्यांत कुठंतरी गेला होता, शेवटचा भोंगा वाजत होता, आणि ताई अजून माझ्याकडेच बघत होती. पापणी न हलवता, डाव्या डोळ्यानं, जणू सगळं अजून तिथंच चाललंय.

मग तिनं विचारलं, "कशाला लागला?"

"गुडघ्याला."

"गुडघ्याला," ती म्हणाली, आणि मग कुठं वळली.